पात्र आणि अपात्र

राष्ट्रीय सेवा योजनेचें हिवाळी शिबिर आटोपलें, कीं आमच्या महाविद्यालयांत दरवर्षीं एक लहानशी सभा भरते. शिबिराच्या निमित्तानें मुलांनीं बसविलेलें नाटुकलें आणि घरोघर फिरून मागितलेली वर्गणी यांतून कांहीं रक्कम हातीं येते. ती कोणत्या संस्थेस द्यावी, आणि उरलेलें वर्ष आपले हात कोणत्या कामास लावावे, हें मुलांनींच ठरवावयाचें असतें. यंदा ही रक्कम १४,३०० रुपये होती. राळेगांवसारख्या तालुक्याच्या गांवीं, जेथें कापसाच्या भावावर घराघरांतील वर्षाचा बेत अवलंबून असतो, तेथें एवढे पैसे जमविणें सोपें नाहीं. म्हणून सभेंत उत्साह होता, व थोडा अभिमानहि होता. मी कोपऱ्यांतील खुर्चीवर बसलों होतों. विचारलें तरच बोलावयाचें, असा नियम मीं स्वतःस घालून घेतला आहे. तो पाळणें प्राध्यापकास किती कठीण जातें, हें या व्यवसायांतील वाचकांस सांगावयास नको.

फळ्यावर चार नांवें लिहिलीं होतीं. एक साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक असलेली दूरची मोठी संस्था. दुसरी, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या कुटुंबांस साहाय्य करणारी. तिसरें, गांवांतील वाचनालय. आणि चौथें, कोलामांच्या एका पोडावर संध्याकाळचा अभ्यासवर्ग चालविणारें चार-सहा जणांचें एक मंडळ, ज्याच्या नांवाची धड पाटीहि कोठें लागलेली नव्हती. प्रत्येक नांवापुढें रकाने आंखले होते: नोंदणी आहे काय, हिशेब तपासलेले असतात काय, किती लोकांस लाभ होतो, आणि शेवटीं, लाभ घेणारे पात्र आहेत काय. प्रत्येक रकान्यास दहा गुण. ही पद्धत मुलांनीं शोधून काढलेली नव्हती. पांच-सहा वर्षांपूर्वीं मींच ती त्यांच्या आधींच्या मुलांस शिकविली होती, आणि आपण भावनेच्या भरांत होणाऱ्या दानास थोडी शिस्त लावली असें मला समाधान वाटत असे.

दुसऱ्या नांवाची चर्चा चालली असतां एक विद्यार्थी सहज म्हणाला, "साहाय्य मिळालेल्यांत अपात्र कुटुंबें किती, तें आधीं पाहूं." तेव्हां मागच्या बाकावरील एक मुलगी उभी राहिली. ती एरवीं फारशी बोलत नाहीं. "सर, पात्र-अपात्र म्हणूं नका जी," ती म्हणाली, "आमच्या घरीं तो कागद आहे." आणि ती खालीं बसली. त्या दिवशीं सभा पुढें चालली नाहीं.

तो कागद कसला, हें आमच्या जिल्ह्यांत कोणास समजावून द्यावें लागत नाहीं. बाहेरच्या वाचकांकरितां सांगतों. शेतकऱ्यानें आत्महत्या केली म्हणजे महसूल खात्याकडून चौकशी होते, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिति तें प्रकरण शासकीय साहाय्यास 'पात्र' कीं 'अपात्र' हें ठरविते. जमीन होती काय व कोणाच्या नांवावर होती, कर्ज बँकेचें, सहकारी संस्थेचें वा परवानाधारक सावकाराचें होतें कीं आणखी कोणाचें, तें थकलें होतें काय, वसुलीचा तगादा होता काय, हें सारें पाहिलें जातें. पैसे सोयऱ्याकडून किंवा विनापरवाना सावकाराकडून घेतलेले असले, कागद झालेला नसला, तर प्रकरण अपात्र ठरूं शकतें. मनुष्य गेला यांत शंका नसते. देणें होतें यांतहि घरच्यांस शंका नसते. पण त्या मरणावर एक शेरा बसतो, आणि तो शब्द मग त्या घरांत राहावयास येतो. हा दोष मी कोणा अधिकाऱ्यास देत नाहीं. शासन जें देतें तें साऱ्या जनतेचें असतें. तें देतांना नियम हवा, आणि नियम म्हटला कीं त्याची धार कोणास तरी लागतेच. मला लाज वाटली ती निराळ्या गोष्टीची. जो नियम शासनास नाइलाजानें पाळावा लागतो, तो मीं वीस वर्षांच्या मुलांच्या हातीं हौसेनें दिला होता.

हा शब्द वस्तुतः आपल्या परंपरेंत फार मानाचा. गीतेच्या सतराव्या अध्यायांत दानाचे सात्त्विक, राजस व तामस असे भेद केले आहेत, आणि सात्त्विक दानांत देश, काल व पात्र हीं तिन्ही पाहिलेलीं असतात असें सांगितलें आहे. पुढें धर्मशास्त्रकारांनीं याच पात्राचा विस्तार करून कोणता ब्राह्मण दानास योग्य व कोणता अयोग्य याचे बारीक निर्णय दिले. अर्थात् निर्णय देणारे बहुधा योग्यांच्याच पंक्तींत बसत. पण शब्दाचा मूळ अर्थ साधा आहे. पात्र म्हणजे भांडें. पाणी नेणाऱ्यानें घागर गळकी नाहीं ना, हें पाहून घ्यावें, इतकीच त्यांतील व्यवहारी सूचना मला दिसते. आतां एखाद्या संस्थेमार्फत आपण कांहीं देतों, तेव्हां घागर कोणती व तहानलेला कोण? घागर ती संस्था. तिला वाजवून पाहावें, उन्हांत धरून पाहावें, हवें तर उलटी करून पाहावें. आम्ही मात्र घागर तशीच उचलतों, आणि ज्याला तहान लागली आहे त्याच्या घशाची तपासणी करूं लागतों.

हें मी उगाच म्हणत नाहीं. २००६ च्या पावसाळ्याच्या तोंडीं पंतप्रधान मनमोहनसिंग विदर्भांत येऊन गेले, आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, बुलढाणा व वर्धा या सहा जिल्ह्यांकरितां ३,७५० कोटि रुपयांची योजना जाहीर झाली. त्या सुमारास साऱ्या देशाचें लक्ष इकडे वळलें, आणि शासनाच्या मागोमाग दानशूर मंडळीहि आली. त्यांत मनापासून राबणारे पुष्कळ होते. त्यांपैकीं कांहीं अजून राबत आहेत. परंतु एकाच घरांत दोन शिलाई यंत्रें, दोन निरनिराळ्या संस्थांचीं नांवें रंगविलेलीं, आणि दोन्हींवर धूळ, असा देखावाहि मीं पाहिला आहे. त्या बाईंस शिवणकाम येत नव्हतें. तिला यंत्र देण्यापूर्वीं दोन्ही संस्थांनीं तिच्या नवऱ्याच्या कर्जाचे कागद मागितले होते; शिवण येतें काय, हें एकीनेंहि विचारलें नव्हतें. संस्थांस कागद मागण्याची मात्र आमच्यांत कोणास छाती होत नाहीं. मागणें असभ्यपणाचें वाटतें. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या १९५० च्या कायद्याप्रमाणें नोंदलेल्या संस्थेनें आपले हिशेब तपासून घेऊन धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे पाठवावयाचे असतात. तेव्हां शंभर रुपये देणाऱ्या मुलानें ते पाहावयास मागितले, तर त्यांत कोणाचा अपमान होण्याचें कारण नाहीं. फळ्यावरील पहिले दोन रकाने मीं म्हणूनच पुसूं दिले नाहींत. पुसावयाचा होता तो शेवटचा.

पाश्चात्य नीतिशास्त्रांत हाच प्रश्न निराळ्या रूपानें येतो. कांटनें १७८५ च्या आपल्या ग्रंथांत कर्तव्यांचे पूर्ण व अपूर्ण असे दोन वर्ग केले. घेतलेलें कर्ज फेडणें हें पूर्ण कर्तव्य. कोणाचें, किती आणि केव्हां, हें ठरलेलें असतें. परोपकार हें अपूर्ण कर्तव्य. तो केला पाहिजे, परंतु कोणावर, किती आणि केव्हां, हें करणाऱ्याच्या विवेकावर सोडलेलें असतें. मिल्लनेंहि पुढें जवळजवळ असेंच म्हटलें: आमच्या औदार्यावर अमुक एका मनुष्याचा हक्क पोहोंचत नाहीं. वर्गांत हें शिकवितांना मला उदाहरण शोधावें लागत नाहीं; कर्ज म्हणजे काय हें यवतमाळ जिल्ह्यांतील मुलास प्राध्यापकाकडून शिकावें लागत नाहीं. पण 'अपूर्ण' या शब्दाचा अर्थ मुलें 'केलें तर केलें' असा घेतात, आणि मींहि कित्येक वर्षें तो तसाच घेऊं दिला. निवड मोकळी आहे हें खरें. निवडीनंतर मात्र तसा मोकळेपणा उरत नाहीं. एकदां एखाद्या दारांत जाऊन उभें राहिलें, कीं अपूर्ण कर्तव्य पूर्ण कर्तव्याकडे सरकूं लागतें. कारण आतां तेथें कोणी तरी वाट पाहत असतें.

सभा पुन्हां भरली तेव्हां वाणिज्य शाखेच्या एका मुलानें मोठा चोख मुद्दा मांडला. पोडावर मुलें सतरा. तेवढ्याच पैशांत मोठी संस्था कदाचित् याहून अधिक लोकांस औषध देईल. मग आपल्याला जवळचीं दिसतात म्हणून सतराच मुलें निवडणें हा पक्षपात नव्हे काय? त्यानें पीटर सिंगर वाचलेला नव्हता. पण १९७२ सालीं या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञानें पूर्व बंगालच्या निर्वासितांचे हाल समोर ठेवून लिहिलेल्या निबंधांतील युक्तिवाद जवळजवळ हाच आहे. उथळ तळ्यांत मूल बुडत असतां कपडे चिखलानें भरतील म्हणून कोणी काठावर थांबत नाहीं. मग दूर देशीं मरणारें मूल केवळ दूर आहे म्हणून कमी कां लेखावें? कृपणास फटकारण्याकरितां याहून चांगला दाखला मला ठाऊक नाहीं. आणि जवळिकीचा दुसरा एक धोका आमच्याकडे तर फारच मोठा. जवळचें म्हणजे कोण? या प्रांतांत कित्येक दशकें दान म्हणजे बहुधा आपल्या जातीच्या वसतिगृहास दिलेली वर्गणी. त्या वसतिगृहांतून जीं मुलें शिकलीं त्यांच्या दृष्टीनें तिचें मोल मी नाकारीत नाहीं. इतर दारें बंद होतीं तेथें तें एकच उघडें होतें. परंतु हातीं पैसे आलेल्या मुलास 'जवळच्यास दे' एवढेंच सांगितलें, तर तो कोणाच्या आळींत जाईल हें मला पक्कें माहीत आहे.

त्या मुलास मीं उत्तर दिलें तें पुरें नव्हतें, हें येथें कबूल करतों. मीं त्याला आनंदवनाची एक जुनी हकीकत सांगितली. वरोरा आम्हांला परका नाहीं. आमच्याकडील पुष्कळ मुलें आनंदवन पाहून आलेलीं असतात. बाबा आमटे १९५१ सालीं कांहीं कुष्ठरोग्यांस घेऊन तेथल्या खडकाळ माळावर राहावयास गेले. विहीर खणली, जमीन वाहिली, भाजीपाला येऊं लागला. पण कुष्ठरोग्यांच्या हातची भाजी वरोऱ्याच्या बाजारांत कोणी घेईना. पुढें कांहीं वर्षांनीं सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेमार्फत देशोदेशींचे तरुण तेथें इमारती बांधावयास आले. ही संस्था पियेर सेरेझोल या स्विस गृहस्थानें पहिल्या महायुद्धानंतर उभारलेली, आणि बिहारच्या १९३४ च्या भूकंपानंतर हिंदुस्थानांत कामास आलेली. ते तरुण माळावरच राहिले, आणि तेथें पिकलेलेंच अन्न जेवले. हें वरोऱ्याच्या लोकांनीं पाहिलें, आणि हळूहळू ती भाजी बाजारांत खपूं लागली. विटा रचणारा गवंडी वरोऱ्यांतहि मिळाला असता. त्या माळावर पंगतीस बसणारा मिळत नव्हता. आतां या पंगतीस कोणत्या रकान्यांत किती गुण द्यावयाचे?

तो मुलगा म्हणाला, "सर, पण ते परक्या देशांतून आले होते, म्हणजे दूरच्यांनींच मदत केली ना?" मुद्दा त्याचाच बरोबर होता. ते दूरचे होते. पण येऊन राहिले, आणि राहिले म्हणून जवळचे झाले. मला वाटतें, अंतर मोजावयाचें तें असें.

वर्धा नदीच्या पलीकडे पवनारला विनोबांचा आश्रम आहे. भूदानाच्या यात्रेंत, १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, त्यांनीं घरोघर सर्वोदय-पात्र ठेवण्याची कल्पना मांडली: घरांतील लहान मुलानें रोज मूठभर धान्य त्या भांड्यांत टाकावें, आणि तें शांतिसेनेच्या कामीं जावें. मूठ मुलाची कां, हा त्यांतील मर्माचा भाग. मोठ्या माणसाच्या मुठींत धान्य अधिक मावलें असतें. ही योजना पुढें मंदावली. पण आमची सभा भरली त्या रात्रीं मला तिची आठवण झाली, कारण तेथें पात्र होतें तें देणाऱ्याच्या घरांत. रिकामें राहिलें तर लाज वाटावयाची ती त्या घरास. घेणाऱ्यास तपासावयाचा प्रश्नच तेथें नव्हता.

राष्ट्रीय सेवा योजना १९६९ सालीं, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षीं, ३७ विद्यापीठांत सुरू झाली. तिच्यांत विद्यार्थ्यानें दोन वर्षांत २४० तास सेवा करावयाची असते, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर अशा कामास श्रेयांकहि मिळूं लागले आहेत. तास मोजून सेवा होते काय, असें पुष्कळ जण तुच्छतेनें विचारतात. मी तितका कठोर नाहीं. गुणांच्या लोभानें आलेला मुलगा कामाच्या भरांत गुण विसरलेला मीं पाहिला आहे. ज्यांच्या नांवाचें आमचें विद्यापीठ आहे ते गाडगेबाबा गांवांत शिरतांच प्रथम झाडू हातीं घेत, आणि गांव झाडून झाल्यावर रात्रीं कीर्तन करीत. त्या झाडण्याचे तास कोणी लिहून ठेविले नाहींत; पण कोणी लिहिले असते म्हणून गांव कमी स्वच्छ झालें नसतें. माझी तक्रार तासांविषयीं नाहीं. तास भरल्यावर मुलगा जातो, आणि त्यानें ज्यांच्यांत तास भरले त्यांस तो पुन्हां येणार कीं नाहीं हें कोणी सांगत नाहीं, ही माझी तक्रार आहे.

ती तक्रार मला पोडावर ऐकावयास मिळाली. निवडीपूर्वीं चारहि ठिकाणीं जाऊन यावयाचें असें मुलांनीं ठरविलें होतें. पोडावर आम्ही पोहोंचलों तेव्हां दिवस मावळत होता. कोलाम ही महाराष्ट्रांतील तीन अतिमागास मानलेल्या आदिवासी जमातींपैकीं एक. कातकरी व माडिया या दुसऱ्या दोन. त्यांची कोलामी भाषा द्राविडी कुळांतील. घरांत ती बोलणारें मूल शाळेंत आलें, कीं पहिल्या पाठापासूनच त्याला परक्या भाषेंतून शिकावें लागतें. अभ्यासवर्ग घेणारे गृहस्थ, एक निवृत्त शिक्षक, फळ्यावर मराठी शब्द लिहीत, आणि मुलांस त्याचा कोलामी शब्द विचारून शेजारीं देवनागरींत लिहीत. त्यांनीं आम्हांस न मागतां एक वही दाखविली. कोणी किती पैसे दिले, त्याचें काय आणलें, आणि कोणी येतों म्हणून आलें नाहीं, असें तीन भागांत त्यांत लिहिलेलें होतें. तिसरा भाग सर्वांत लांब होता.

मुलें ती वही चाळीत असतां ओसरीवर बसलेली एक बाई म्हणाली, "मागच्या साली आलते ते फोटो काढून गेले. तुम्ही किती खेपा येसान?"

कोणीच उत्तर दिलें नाहीं. माझ्या मुलांनीं नोंदणी विचारावयाची, हिशेब पाहावयाचे, पात्रता ठरवावयाची, अशी तयारी करून आणली होती. आपली परीक्षा कोणी घेईल, हें त्यांच्या ध्यानींमनीं नव्हतें. परत येतांना गाडींत ते आपसांत परीक्षेचें वेळापत्रक, कापूस वेंचणीचे दिवस, आणि शेवटची बस किती वाजतां, याचीच चर्चा करीत होते. त्या चर्चेंत प्रथमच मला निवड म्हणतात ती दिसली.

शेवटीं ठरलें तें असें. ९,००० रुपये पोडावरील वर्गास, पावती घेऊन. सहा जणांच्या तीन जोड्या, आणि दर गुरुवारीं एक जोडी. वाचनालयास पैसे नाहींत, पण तेथील पुस्तकांची जुनी नोंद नव्यानें लिहून द्यावयाची. मोठ्या संस्थेचा आग्रह वाणिज्याच्या त्या मुलानें सोडला नाहीं. त्यानें स्वतःच्या खर्चांतून महिना पन्नास रुपये तिला पाठविण्यास आरंभ केला आहे, आणि त्याबद्दल मला त्याचें कौतुक वाटतें. शेतकरी कुटुंबांच्या संस्थेकडे हिशेबाची मागणी करणारें पत्र गेलें. उत्तर येईपर्यंत उरलेले ५,३०० रुपये ठेवून द्यावयाचे.

या शेवटच्या निर्णयापूर्वीं मीं त्या मुलीस बाजूला बोलावून विचारलें होतें, कीं तिच्या घरासारख्या घरांकरितांच ही रक्कम जावी असें तिला वाटतें काय. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "द्या जी. पण आमच्या घरीं चौकशीला कोणी येऊं नका."

पोडावरचे गुरुवार सुरू होऊन तीन महिने झाले आहेत. दोन गुरुवार चुकले. एक परीक्षेमुळें, दुसऱ्याचें कारण मला कोणी सांगितलें नाहीं. दोन्ही त्या शिक्षकांच्या वहींत तिसऱ्या भागांत लिहिले गेले. संस्थेचें उत्तर अजून आलेलें नाहीं. ५,३०० रुपयांची नोंद मुलांच्या वहींत आहे, आणि ती वही जो कोणी मागेल त्याला दाखवावी, असें त्या मुलीनें पहिल्याच पानावर लिहून ठेविलें आहे.